ध्वनी व चित्रफितीचे संपादन आणि कळफलकाचे आवरण

प्राथमिक शाळेच्या शिक्षकाने स्वतःच्या आवाजात पाठ ध्वनिमुद्रित करावा, किंवा हातातील फोनवर त्याची चित्रफीत घ्यावी, ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. २०२० साली साथीमुळे शाळांची दारे बंद झाली, त्या वेळी गावोगावच्या अनेक शिक्षकांनी हा मार्ग प्रथमच चोखाळला. पुढे शाळा उघडल्या, तरी त्याची गरज संपली नाही. ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर जाणारे मूल दिवाळीच्या सुमारास गाव सोडते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत येते. तेवढ्या महिन्यांत आपल्या गुरुजींचा अथवा बाईंचा आवाज त्याच्या कानावर पडत राहिला, तर शाळेशी असलेले त्याचे नाते तुटत नाही. घरी पावरी, कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलालाही, त्याची बोली जाणणाऱ्या शिक्षकाने सांगितलेला पाठ बाहेरून आणलेल्या चित्रफितीपेक्षा अधिक जवळचा वाटतो.

असे असूनही पुष्कळ शिक्षकांचा हा उद्योग दोनचार पाठांनंतर थांबतो. याचे कारण मुद्रण अवघड असते हे नव्हे. दहा मिनिटांचा पाठ दहाबारा मिनिटांत मुद्रित होतो. परंतु त्यातील खोकला, अडखळणे, मधेच आलेला गाडीचा कर्णा, चुकून दोनदा उच्चारलेले वाक्य हे सारे काढून टाकण्यास संध्याकाळ खर्ची पडते. शाळेचे दप्तर, घरचा संसार आणि दुसऱ्या दिवसाची तयारी यांतून अशा संध्याकाळी किती काढणार? तेव्हा संपादनाचे श्रम हलके करणारे जे जे साधे उपाय असतील, त्यांचा विचार करणे अगत्याचे ठरते. त्यांपैकी कळफलकाचे आवरण या अल्पमोली साधनाची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे. त्याचे लाभ कोणते, त्याच्या मर्यादा कोणत्या, आणि विकत न घेताही त्याचा उपयोग कसा साधता येईल, हे क्रमाने पाहू.

१. संपादनाचे काम कसे चालते

पूर्वी चित्रपटाचे संपादन हे अक्षरशः कापण्याचे व जोडण्याचे काम होते. फीत यंत्रावर पुढेमागे फिरवायची, योग्य ठिकाणी मेणाच्या पेन्सिलीने खूण करायची, तेथे ती कापायची आणि दुसऱ्या तुकड्याला जोडायची, असा तो क्रम असे. ध्वनिफीतही ब्लेडने तिरपी कापून चिकटपट्टीने जोडीत. १९८९ साली ॲव्हिड या संगणकावरील संपादन-प्रणालीचे आगमन झाले आणि त्यानंतर हे काम हळूहळू पडद्यावर आले. आजही अनेक प्रणालींत तुकडे करण्याच्या साधनावर ब्लेडचे चित्र असते, ते त्या जुन्या दिवसांचीच आठवण होय.

साधन बदलले तरी कामाचे स्वरूप तेच राहिले. ऐकणे, थांबणे, खूण करणे, कापणे, नको तो तुकडा काढणे आणि जोड नीट बसला की नाही हे पुन्हा ऐकणे, एवढ्या पाचसहा क्रिया संपादक शेकडो वेळा करीत असतो. या क्रिया संगणकाला दोन रीतींनी सांगता येतात. माउस हलवून पडद्यावरील यादीतून आज्ञा निवडणे ही एक रीत. आणि कळफलकावरील ठराविक कळ दाबणे ही दुसरी. या दुसऱ्या रीतीला आपण येथे कळ-आज्ञा म्हणू.

दोहोंतील अंतर लहान वाटते, पण ते साचत जाते. समजा, दहा मिनिटांच्या पाठात ६० ठिकाणी काटछाट करावयाची आहे आणि प्रत्येक ठिकाणी चार आज्ञा द्याव्या लागतात. एकूण आज्ञा २४० झाल्या. यादीतून शोधून दिलेल्या आज्ञेस ५ सेकंद लागले तर २० मिनिटे होतात. कळ दाबून १ सेकंद लागला तर ४ मिनिटे. एका पाठामागे १६ मिनिटे वाचली. आठवड्यास दोन पाठ करणाऱ्या शिक्षकास महिन्याकाठी दोन तासांहून अधिक वेळ त्यातून मिळतो. शिवाय यादीत शोधाशोध करताना दृष्टी व लक्ष पाठावरून उडते, आणि कानाला लागलेली वाक्याची लय मोडते. तो तोटा मिनिटांत मोजता येत नाही.

२. काही नेहमीच्या कळ-आज्ञा

चित्रफितीच्या बहुतेक प्रणालींत तीन कळांची एक जोडणी समान आढळते. ‘जे’ ही कळ फीत मागे चालविते, ‘के’ थांबविते आणि ‘एल’ पुढे चालविते. ‘एल’ पुन्हा दाबल्यास गती वाढते. या तिन्ही कळा उजव्या हाताच्या बोटांखाली शेजारी शेजारी असल्यामुळे हात न उचलता फीत पुढेमागे फिरविता येते. त्यांच्या वरच्या ओळीतील ‘आय’ ही कळ तुकड्याच्या आरंभाची खूण करते आणि ‘ओ’ ही शेवटाची. लांब पट्टीची ‘स्पेस’ कळ फीत चालू अथवा बंद करते. डावीउजवीकडील बाणांच्या कळांनी बहुधा एकेक चौकट मागेपुढे जाता येते. सेकंदास २५ चौकटी असलेल्या चित्रफितीत ही हालचाल सेकंदाच्या पंचविसाव्या भागाइतकी सूक्ष्म असते. ‘कंट्रोल’ आणि ‘झेड’ या कळा एकत्र दाबल्या असता शेवटची कृती रद्द होते, आणि ‘कंट्रोल’ व ‘एस’ यांनी काम जतन होते. नवशिक्याने या शेवटच्या दोन आज्ञा सर्वांआधी शिकाव्यात, कारण त्यांच्यामुळे प्रयोग करण्याचे भय उरत नाही.

याच्या पुढे मात्र प्रत्येक प्रणालीचा संप्रदाय निराळा आहे. तुकडा कापण्यासाठी शॉटकट या मोफत प्रणालीत ‘एस’ ही कळ आहे. केडेनलाइव्हमध्ये ‘शिफ्ट’ व ‘आर’. प्रीमियरमध्ये ‘कंट्रोल’ व ‘के’. आणि डाविंची रिझॉल्व्हमध्ये ‘कंट्रोल’ व ‘बी’. केवळ ध्वनीसाठी वापरल्या जाणाऱ्या ऑडॅसिटी या मोफत प्रणालीच्या तिसऱ्या आवृत्तीत कापण्यासाठी ‘कंट्रोल’ व ‘आय’ योजतात. तेथे ‘कंट्रोल’ व ‘बी’ यांनी कापले न जाता नावाची चिठ्ठी लागते. आणि लेखनाच्या प्रणालीत याच दोन कळांनी अक्षर ठळक होते. एकाच कळेचे असे तीन ठिकाणी तीन अर्थ झाले, तर नवशिका गोंधळतो यात त्याचा दोष नाही. आवरणाचा उपयोग नेमका येथे होतो.

३. आवरण म्हणजे काय

कळफलकाचे आवरण म्हणजे सिलिकोन किंवा तत्सम मऊ, लवचिक पदार्थाचा पातळ पापुद्रा. प्रत्येक कळेच्या उंचवट्यावर तो टोपीसारखा बसतो आणि त्याच्यावरून कळा दाबता येतात. त्याचे दोन प्रकार आहेत. पहिला पारदर्शक व साधा. त्याचे काम कळफलकाचे रक्षण करणे एवढेच. दुसरा छापील, त्यावर एखाद्या विशिष्ट संपादन-प्रणालीच्या आज्ञा त्या त्या कळेवर शब्दांनी अथवा चिन्हांनी दाखविलेल्या असतात, आणि आज्ञांच्या गटांप्रमाणे कळांना निरनिराळे रंग दिलेले असतात. फीत चालविण्याच्या कळा एका रंगाच्या, खुणेच्या दुसऱ्या, कापण्याच्या तिसऱ्या, अशी ही योजना असते.

इयत्ता पहिलीच्या वर्गात आपण अक्षरतक्ता टांगतो. अक्षर विसरलेले मूल त्याच्याकडे एक नजर टाकते आणि पुढे लिहू लागते. छापील आवरण हा संपादकाच्या बोटांखाली अंथरलेला असाच तक्ता होय. माहिती पुस्तकात शोधावी लागत नाही. जेथे कृती करावयाची तेथेच ती हजर असते.

४. आवरणापासून होणारे लाभ

(अ) स्मरणास साहाय्य : वर सांगितल्याप्रमाणे आज्ञा आठवण्यासाठी लागणारा वेळ वाचतो. रंगांमुळे अक्षर न वाचताही योग्य गटाकडे बोट वळते. महिन्यातून एकदाच संपादनास बसणाऱ्या शिक्षकाच्या दृष्टीने हा लाभ विशेष मोठा आहे, कारण मधल्या काळात आज्ञा विस्मरणात जातात आणि दर वेळी शिक्षण नव्याने सुरू करावे लागते.

(आ) धुळीपासून रक्षण : खडूची पूड, अंगणातील माती व पावसाळ्यातील किडे हे ग्रामीण शाळेतील संगणकाचे नित्याचे शत्रू. कळेखाली कण शिरला की ती अडकते, अथवा एकदा दाबली असता दोनदा उमटते. लेखनात असे दुहेरी अक्षर पुसून टाकता येते. परंतु संपादनात काढून टाकण्याची आज्ञा दोनदा गेली तर ठेवावयाचा तुकडाही नकळत नाहीसा होतो. आवरणामुळे ही पूड वरच्या वर राहते. चहापाण्याचे थेंब पडल्यास तेही काही अंशी अडतात. तथापि आवरण आहे म्हणून पाण्याचा पेला संगणकाशेजारी ठेवणे शहाणपणाचे नव्हे.

(इ) आवाजाचे शमन : अनेक शिक्षक संगणकातच बसविलेल्या ध्वनिग्राहकावर निवेदन मुद्रित करतात. हा ध्वनिग्राहक कळफलकाच्या निकट असल्यामुळे कळेची टकटक पाठात उमटते. मऊ आवरणाने ती पुष्कळच मंद होते. ध्वनीच्या संपादनाशी आवरणाचा हा प्रत्यक्ष संबंध सहसा ध्यानात येत नाही, म्हणून येथे मुद्दाम नोंदविला आहे.

(ई) कळांवरील अक्षरांचे रक्षण : संपादनात ठराविक दहाबारा कळाच वारंवार दाबल्या जातात. त्यांवरील अक्षरे लवकर झिजतात. ज्या शाळेत एकच संगणक आहे आणि तोच मुलांनाही हाताळावयास मिळतो, तेथे पुसलेल्या कळा नवशिक्या मुलांना अडचणीच्या होतात. आवरण झिजले तर ते बदलता येते.

५. घेण्यापूर्वी व वापरताना घ्यावयाची काळजी

आवरणाची स्तुती केली, तरी ते प्रत्येक शाळेने घ्यावेच असे नाही. पुढील गोष्टी तपासल्याशिवाय पैसा खर्च करू नये.

(अ) आवरण कळफलकाच्या मापाचे हवे. एका नमुन्याच्या संगणकाचे आवरण दुसऱ्यावर बसत नाही. संगणकाच्या तळाशी नमुन्याचा क्रमांक बहुधा छापलेला असतो. तो पाहून मगच मागणी करावी. अर्धवट बसलेले आवरण कळांना ओढते आणि शेजारची कळ दाबली जाते.

(आ) छापील आवरण आपण वापरतो त्याच प्रणालीचे हवे. एका प्रणालीचे आवरण घालून दुसऱ्या प्रणालीत काम करणे म्हणजे इतिहासाचा नकाशा टांगून भूगोल शिकविण्यासारखे होय. छापील आवरणे मोठ्या प्रमाणावर मॅक संगणकांसाठी तयार होतात, आणि त्यांत ‘कंट्रोल’ऐवजी ‘कमांड’ ही कळ मुख्य असते. विंडोज अथवा लिनक्सवर चालणाऱ्या शाळेच्या संगणकास ती उपयोगी पडत नाहीत.

(इ) प्रणालीची नवी आवृत्ती आली की काही आज्ञा बदलतात; छापलेले आवरण मात्र बदलत नाही. म्हणून आवृत्तीचा क्रमांक पाहून ठेवावा.

(ई) उष्णतेकडे लक्ष द्यावे. संपादन संपल्यावर चित्रफीत अंतिम रूपात बाहेर काढताना संगणकाला फार श्रम पडतात व तो तापतो. काही संगणकांची थोडी उष्णता कळफलकावाटेही बाहेर पडते. त्या वेळी आवरण काढून ठेवावे. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात ही सूचना अधिकच कटाक्षाने पाळावी.

(उ) संगणक मिटताना आवरण काढावे. झाकण व कळफलक यांच्यात फार थोडी फट असते. मधे जाड पदार्थ राहिल्यास पडद्यावर दाब येऊन तो निकामी होण्याचा संभव असतो. काही उत्पादकांनी तशी सूचनाच दिलेली आहे.

(ऊ) आवरण स्वच्छ ठेवावे. ते काढून कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावे, सावलीत पूर्ण वाळवावे आणि मगच बसवावे. ओलसर आवरण बसविण्यापेक्षा ते नसलेले बरे. कोकणच्या पावसाळ्यात ते रात्रभर कळफलकावर राहू देऊ नये, कारण त्याखाली ओल साचते.

(ए) ‘एफ’ व ‘जे’ या कळांवर लहान उंचवटे असतात. न पाहता बोटे जागेवर ठेवण्याची ती खूण आहे. आवरण जाड असेल तर हे उंचवटे हातास लागत नाहीत. असे आवरण घेऊ नये.

६. अल्प खर्चातील पर्याय

आपल्या संगणकाचे व प्रणालीचे छापील आवरण मिळाले नाही तरी निराश होण्याचे कारण नाही. साधे पारदर्शक आवरण आणि रंगीत कागदी चिकटचिठ्ठ्या यांतून तोच हेतू साधतो. चिठ्ठ्या कळेच्या निम्म्या आकाराच्या कापाव्यात, म्हणजे मूळ अक्षर झाकले जात नाही. त्यावर एकेक शब्द मराठीत लिहावा : ‘मागे’, ‘थांब’, ‘पुढे’, ‘आरंभ’, ‘शेवट’, ‘काप’, ‘रद्द’, ‘जतन’. चालविण्याच्या कळांना हिरवा, खुणांना पिवळा, कापण्यास तांबडा आणि रद्द व जतन यांना निळा रंग द्यावा. चिठ्ठ्या कळांवर लावून वर पारदर्शक आवरण बसविले की त्या हाताच्या घामाने सुटत नाहीत.

छापील आवरणाहून या पद्धतीत एक गुण अधिक आहे. छापील आवरणावर असंख्य आज्ञा दाटीने असतात, त्यांपैकी आपणांस लागणाऱ्या दहाबाराच. येथे मात्र जेवढ्या लागतात तेवढ्याच असतात, त्या आपल्या भाषेत असतात, आणि प्रणाली बदलली तर चिठ्ठ्याही बदलता येतात.

मराठी लेखन करणाऱ्या शिक्षकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘जे’, ‘के’, ‘एल’ या कळा अनुक्रमे र, क, त ही अक्षरे देतात. संगणक मराठी लेखनाच्या स्थितीत असेल तर अनेकदा संपादनाच्या एकाक्षरी कळ-आज्ञा चालत नाहीत आणि प्रणाली बिघडली असे वाटते. अशा वेळी प्रथम भाषा इंग्रजीवर आणून पाहावी. ज्यांच्या कळांवर मराठी अक्षरांच्या चिठ्ठ्या आधीच आहेत, त्यांनी संपादनाच्या चिठ्ठ्या कळेच्या दुसऱ्या कोपऱ्यात लावाव्यात.

७. सरावाचा क्रम

आवरण बसविले म्हणजे हात आपोआप चालू लागतो असे नाही. सुमारे चार आठवड्यांचा पुढील क्रम सोयीचा पडेल.

पहिल्या आठवड्यात केवळ चालविणे, थांबविणे, रद्द व जतन या आज्ञांचा सराव करावा. कापाकापी करू नये. पाच मिनिटांची कोणतीही चित्रफीत घेऊन ती ‘जे’, ‘के’, ‘एल’ यांनी पुढेमागे फिरवावी आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी अचूक थांबण्याचा प्रयत्न करावा.

दुसऱ्या आठवड्यात आरंभ व शेवट यांच्या खुणा आणि कापण्याची आज्ञा शिकावी. मूळ मुद्रणाची एक प्रत नेहमी वेगळी ठेवावी.

तिसऱ्या आठवड्यात वर्गातील एक पूर्ण पाठ संपादित करावा. कापताना शब्दाच्या शेवटच्या स्वराला धक्का लागणार नाही, आणि वाक्यांमधील श्वास सरसकट काढला जाणार नाही, याची दक्षता घ्यावी. लहान मुलांना सांगितलेले समजून घेण्यास थोडी उसंत लागते. विराम नसलेला पाठ त्यांना घाईचा वाटतो.

चौथ्या आठवड्यात आवरण व चिठ्ठ्या काढून तेच काम करून पाहावे. टंकलेखन शिकविताना कळांकडे न पाहता बोटे चालावीत म्हणून कळा झाकण्याची अथवा कोऱ्या ठेवण्याची पद्धत होती. त्यामागचे तत्त्व येथेही लागू आहे. जेथे हात अडेल, तेवढीच चिठ्ठी पुन्हा लावावी. बाराच्या सहा, सहाच्या दोन अशा चिठ्ठ्या कमी होत जातील. पुढे पारदर्शक आवरण धुळीपासून रक्षणार्थ ठेवावे. शिकविण्याचे त्याचे काम मात्र संपले असे समजावे.

ज्या शाळेत दोन किंवा अधिक शिक्षक हे काम करतात, त्यांनी चिठ्ठ्यांचे रंग व प्रणाली एकच ठेवावी. केंद्रातील शाळांनी मिळून तसे ठरविल्यास, बदली होऊन गेलेल्या शिक्षकाला नव्या शाळेतही तोच कळफलक हाताखाली मिळेल, आणि केंद्राच्या बैठकीत एकमेकांना शिकविणे सुलभ होईल. वरच्या वर्गांतील मुलांनाही हा रंगांचा तक्ता सहज कळतो. गावातील वृद्धांच्या गोष्टी, जात्यावरच्या ओव्या, शेतीची माहिती त्यांनी ध्वनिमुद्रित करून आणावी व शिक्षकाच्या देखरेखीखाली स्वतः संपादित करावी, असा उपक्रम करून पाहण्याजोगा आहे. ध्वनिमुद्रणापूर्वी त्या त्या व्यक्तीची संमती घेण्यास मुलांना अवश्य शिकवावे.

कळफलकाचे आवरण हे फार मोठे साधन नव्हे. चांगला पाठ शिक्षकाच्या तयारीतून व मुलांविषयीच्या आस्थेतून निर्माण होतो. त्याची जागा कोणतेही उपकरण घेऊ शकत नाही. परंतु तयार झालेला पाठ केवळ संपादनाच्या कंटाळ्यामुळे फोनमध्ये पडून राहावा आणि उसाच्या फडाकडे गेलेल्या मुलापर्यंत पोहोचू नये, ही हानी टाळता येण्याजोगी आहे. शिक्षक बंधुभगिनींनी आपल्या शाळेच्या संगणकावर प्रथम कागदी चिठ्ठ्यांनी हा प्रयोग करावा, महिनाभराने एका पाठास लागणारा वेळ पूर्वीच्या वेळेशी ताडून पाहावा, आणि उपयोग दिसून आल्यासच आवरणाच्या खरेदीचा विचार शाळा व्यवस्थापन समितीपुढे मांडावा.